खोटी बातमी आणि चुकीची माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोटी बातमी नेमकी कशाला म्हणावे?

जे घडलेच नाही ते घडल्याचे बातमीच्या थाटात सांगणे म्हणजे खोटी बातमी, ही समजूत चुकीची नाही, पण अपुरी आहे. क्लेअर वॉर्डल आणि होसेन देराखशान या अभ्यासकांनी २०१७ साली कौन्सिल ऑफ युरोपसाठी लिहिलेल्या अहवालात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. पहिल्या प्रकारात माहिती चुकीची असते, पण पसरवणाऱ्याला ती खरीच वाटत असते. दुसऱ्या प्रकारात तिचा खोटेपणा ठाऊक असूनही कोणाचे तरी नुकसान करण्यासाठी ती मुद्दाम पेरली जाते. तिसऱ्या प्रकारात माहिती खरी असते, परंतु एखाद्याला इजा पोहोचवण्याच्या हेतूने, उदाहरणार्थ त्याचा खासगी पत्रव्यवहार फोडून, ती चव्हाट्यावर आणली जाते. हा भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण भाबडेपणाने संदेश पुढे पाठवणारी व्यक्ती आणि तो संदेश रचणारी यंत्रणा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मुळापासून रचलेल्या मजकुरापेक्षा खऱ्या गोष्टीची मोडतोड करून तयार केलेला मजकूर जास्त आढळतो. ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये करोनाविषयीच्या २२५ चुकीच्या दाव्यांचा अभ्यास केला, तेव्हा ५९ टक्के दाव्यांमध्ये खरी माहिती फिरवून किंवा संदर्भ तोडून वापरलेली होती, तर ३८ टक्के दावे संपूर्णपणे बनावट होते. अर्धे सत्य पकडायला अधिक अवघड जाते, कारण त्यातला खरा भाग तपासून आपण निश्चिंत होतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करायला हवी. एखादी प्रभावशाली व्यक्ती आपल्याला न आवडलेल्या वृत्ताला ‘फेक न्यूज’ म्हणते, तेवढ्याने ते वृत्त खोटे ठरत नाही. बातमी गैरसोयीची असणे आणि ती असत्य असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

हा प्रकार इंटरनेटमुळे सुरू झाला का?

नाही. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकाने चंद्रावर पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली आणि तिचे श्रेय जॉन हर्शेल या प्रख्यात खगोलशास्त्रज्ञांना परस्पर देऊन टाकले. १९८३ मध्ये दिल्लीतील एका वृत्तपत्रात एका निनावी अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावावर पत्र प्रसिद्ध झाले आणि एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार झाल्याचा दावा त्यात केला गेला. ही सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेची मोहीम होती. काही वर्षांतच तो दावा अनेक देशांच्या वृत्तपत्रांतून फिरला, आणि १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर विभागाचे तत्कालीन प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी त्यामागील सोव्हिएत हात मान्य केला.

पूर्वी असे असत्य जगभर पोहोचवण्यासाठी एक राज्ययंत्रणा आणि काही वर्षे लागत होती. आता एक फोन आणि एक दुपार पुरते, आणि मधे प्रश्न विचारणारा संपादक बहुधा नसतो.

खोटे इतक्या वेगाने पसरण्यामागे यंत्रचलित खाती असतात का?

ती असतात, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सोरूश वोसूघी, डेब रॉय आणि सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला आणि आपले निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. यंत्रचलित खाती हिशेबातून वगळली तरी चित्र बदलले नाही. ती खाती खरे आणि खोटे जवळपास सारख्याच प्रमाणात पसरवत होती. फरक माणसांमुळे पडत होता.

असे होण्याचे एक कारण नावीन्य हे आहे. खोट्या बातमीला वास्तवाचे बंधन नसल्यामुळे ती हवी तितकी धक्कादायक करता येते, आणि त्या अभ्यासातही खोट्या बातम्यांवरील प्रतिक्रियांत आश्चर्य व किळस या भावना ठळकपणे आढळल्या. दुसरे कारण समाजमाध्यमांच्या मंचांच्या रचनेत आहे. ज्या मजकुरावर लोक थांबतात, चिडतात आणि बोलतात, तोच मजकूर वर आणण्याकडे या मंचांचा कल असतो. या रचनेत बदल करता येतो, याचा एक पुरावा व्हॉट्सअ‍ॅपने दिला आहे. अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन एप्रिल २०२० मध्ये घातल्यावर अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. एखादा संदेश पुढे पाठवणे किंचित त्रासदायक झाले, एवढाच तो बदल होता.

शिकलेसवरलेले लोकही का फसतात?

कारण फसण्याचा संबंध बुद्धीपेक्षा सवयीशी आणि अवधानाशी अधिक आहे. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते. पुढील संशोधनातून असेही दिसले की योग्य उत्तर आधीपासून माहीत असणाऱ्यांवरही पुनरावृत्तीचा हा परिणाम होतो. मग चार वेगवेगळ्या गटांतून आलेला एकच संदेश आपल्याला चार साक्षीदारांसारखा भासतो, जरी चौघांनीही तो एकाच ठिकाणाहून उचललेला असला तरी.

यात आपली आवडनावडही मिसळते. आपल्या मताला दुजोरा देणारी माहिती आपण आनंदाने स्वीकारतो आणि विरोधी माहितीला मात्र कठोर पुरावे मागतो. उच्च शिक्षणाने ही प्रवृत्ती आपोआप जात नाही, उलट आपल्या समजुतीसाठी अधिक चातुर्याने युक्तिवाद करण्याचे सामर्थ्य त्यातून येऊ शकते. गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतील एक निष्कर्ष मात्र आशा वाढवणारा आहे. लोकांना केवळ एका मथळ्याच्या अचूकतेविषयी विचारले, तरी त्यानंतर त्यांनी पुढे पाठवलेल्या मजकुराचा दर्जा सुधारतो. बहुतेकांना खोटे पसरवायचे नसते, पण पाठवण्याच्या क्षणी खरेखोटेपणाचा विचार त्यांच्या मनात नसतो.

असा मजकूर तयार करणाऱ्यांना त्यातून काय मिळते?

बऱ्याचदा फक्त पैसा. उत्तर मॅसेडोनियातील वेलेस या छोट्या शहरातील काही तरुणांनी २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात बातम्यांची म्हणून जी संकेतस्थळे चालवली, त्यामागे त्या निवडणुकीविषयी आस्था नव्हती. सनसनाटी मथळ्यांवर क्लिक पडत होते आणि क्लिकमागे जाहिरातीचे उत्पन्न येत होते. दुसऱ्या टोकाला राजकीय हेतूने पोसलेल्या संस्था असतात. सेंट पीटर्सबर्ग येथील इंटरनेट रिसर्च एजन्सी आणि तिच्याशी संबंधित १३ रशियन नागरिकांवर अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोपपत्र ठेवले गेले, ते बनावट अमेरिकी ओळखी धारण करून निवडणुकीत ढवळाढवळ केल्याबद्दल. या दोन टोकांच्या मधे बनावट औषधे विकणारे, गुंतवणुकीची आमिषे दाखवणारे आणि केवळ गोंधळ पाहण्यात समाधान मानणारेही आहेत.

एखाद्या खोट्या संदेशाने खरोखर इतके काय बिघडते?

माणसे मरतात. २०१८ मध्ये भारतात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या आणि अनेक निरपराध माणसांना जमावांनी ठार मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागण्यासाठी आलेल्या पाच जणांचा असाच जीव गेला. त्या काळात फिरत असलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तिच्यातील शेवटचा खुलासा कापून टाकलेला होता. २०२० मध्ये इराणमध्ये मद्याने करोना बरा होतो या समजुतीतून विषारी मिथेनॉल पोटात गेल्याने शेकडो लोक दगावले.

काही नुकसान सावकाश होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ मध्ये केवळ १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि अँड्र्यू वेकफील्ड या त्याच्या मुख्य लेखकाने गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवला. पत्रकार ब्रायन डीअर यांच्या शोधातून त्यामागील हितसंबंध आणि नोंदींतील फेरफार उघड झाले. २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून वेकफील्ड यांचे नाव काढले गेले. मात्र मधल्या बारा वर्षांत लसीकरण घटले होते आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले होते. निबंध मागे घेता आला, पण पालकांच्या मनात बसलेली भीती मागे घेता आली नाही, आणि ती आजही अनेक देशांत लसीकरणाच्या आड येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये साथीबरोबर माहितीच्याही साथीचा इशारा दिला होता, तो अशा अनुभवांमुळेच.

हाती आलेला संदेश तपासायचा कसा?

सर्वप्रथम थांबावे. संदेश वाचून राग, भीती किंवा विजयाचा आनंद उफाळून आला असेल, तर थांबण्याची गरज दुप्पट असते, कारण तो संदेश बहुधा त्या भावनेसाठीच रचलेला असतो.

त्यानंतरची पायरी अनेकांना उलटी वाटते. संशयास्पद संकेतस्थळ बारकाईने वाचत बसण्याऐवजी ते बाजूला ठेवून इतर लोक त्याच्याविषयी काय सांगतात हे पाहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी पानाची मांडणी, बोधचिन्ह आणि भाषा पाहून अनेकदा फसले. तथ्यतपासनीसांनी पान जवळजवळ लगेच सोडले, नव्या टॅब उघडल्या, त्या संस्थेमागे कोण आहे आणि तिला पैसा कोठून येतो हे शोधले आणि कमी वेळात अधिक अचूक निर्णय दिला. सुबक मांडणी आज कोणालाही विकत किंवा फुकट मिळते, त्यामुळे तिच्यावरून विश्वासार्हता ठरवणे सोडून द्यावे हे बरे.

मग मूळ शोधावे. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असे लिहिले असेल तर कोण शास्त्रज्ञ, कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वर्षी, हे प्रश्न विचारावेत. नेत्याचे विधान असेल तर संपूर्ण भाषण ऐकावे. दिनांक आवर्जून पाहावा, कारण पाच वर्षांपूर्वीची खरी बातमी आजची म्हणून फिरणे हा नेहमीचा प्रकार आहे. संकेतस्थळावरून मजकूर काढून टाकला असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी प्रत बहुधा सापडते. एवढे करूनही निर्णय होत नसेल, तर संदेश पुढे न पाठवणे हा पर्याय सदैव उपलब्ध आहे आणि त्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

छायाचित्राची सत्यता कशी पडताळावी?

गूगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनांवर छायाचित्र टाकल्यास ते पूर्वी कोठे कोठे प्रसिद्ध झाले ते दिसते. पुराच्या पाण्याखाली गेलेल्या महामार्गावर पोहणारा शार्क मासा २०११ पासून वेगवेगळ्या वादळांच्या वेळी नव्याने प्रकट झाला आहे. तो मासा प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ टिपलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्रातून कापून चिकटवलेला आहे. चित्रातील दुकानांच्या पाट्या, वाहनांच्या नंबरप्लेट, गणवेश आणि सावल्या पाहिल्या तरी ठिकाण व ऋतू यांविषयी बरेच कळते. चित्रात दडलेली कॅमेऱ्याची नोंद मात्र फारशी उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक मंच छायाचित्र चढवतानाच ती काढून टाकतात.

डीपफेक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता डोळ्यांवरही विश्वास ठेवता येणार नाही का?

डीपफेक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली, खरी भासणारी खोटी चित्रफीत किंवा आवाज. केवळ डोळ्यांवर विसंबून राहता येणार नाही, हे खरे आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत असल्याची बनावट चित्रफीत पसरवली गेली. ती ओबडधोबड होती आणि लगेच उघडी पडली, कारण अशा प्रयत्नाची सूचना युक्रेनने आधीच देऊन ठेवली होती. मे २०२३ मध्ये पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र फिरले आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांसाठी घसरला. त्यानंतर ही साधने पुष्कळ सुधारली आहेत. बोटांची संख्या मोजून किंवा पापण्यांची उघडझाप पाहून बनावट ओळखण्याचे जुने सल्ले आता पुरत नाहीत, आणि स्वयंचलित ओळख-साधनेही चुकतात. अशा वेळी चित्रफितीपेक्षा तिचा स्रोत तपासणे अधिक फलदायी ठरते. एवढी मोठी घटना घडली असती, तर ती आणखी कोणी टिपली असती का, हा प्रश्न आजही निरुपयोगी झालेला नाही. पैशांची मागणी करणारा ओळखीचा आवाज फोनवर ऐकू आला, तर फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा.

तथापि फसवायला नेहमी प्रगत तंत्र लागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधी नॅन्सी पेलोसी यांची चित्रफीत केवळ संथ करून त्या अडखळत बोलत असल्याचा आभास निर्माण केला गेला आणि ती लाखो लोकांनी पाहिली.

मला अधिक चिंता वाटते ती उलट्या बाजूची. कायद्याचे अभ्यासक बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन यांनी दाखवून दिले आहे की बनावट चित्रफिती शक्य आहेत हे सर्वांना कळल्यावर खरोखर पकडला गेलेला माणूसही ‘ती चित्रफीत बनावट आहे’ असे म्हणून सुटू पाहतो. खोट्या पुराव्याइतकाच खऱ्या पुराव्याचा नकार घातक आहे.

आकडे खरे असले तर माहिती खरी मानावी का?

तेवढ्यावरून नाही. १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला. तो खरा होता. मात्र धोका सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींपर्यंत वाढला होता, आणि ही बाब ठळकपणे लोकांपुढे आली नाही. अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या, आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. ‘दुप्पट’ किंवा ‘५० टक्के वाढ’ असे वाचले की कितीवरून किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

व्यंगात्मक मजकूर खोट्या बातमीत मोडतो का?

मोडत नाही, पण संदर्भ गळून पडल्यावर तो तसा वागू लागतो. २०१२ मध्ये ‘द ओनियन’ या अमेरिकी व्यंगपत्राने उत्तर कोरियाचे नेते किम जोंग उन यांना सर्वांत आकर्षक पुरुष घोषित केले, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरे मानून छायाचित्रांसह प्रसिद्ध केले.

तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थांवर तरी विश्वास का ठेवावा?

आंधळेपणाने ठेवू नये. त्यांचे काम कसे चालते ते पाहून ठेवावा. २०१५ मध्ये पॉइंटर इन्स्टिट्यूट या अमेरिकी पत्रकारिता संस्थेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्कची आचारसंहिता आहे. निःपक्षपणा, स्रोतांची आणि निधीची पारदर्शकता, आणि चूक झाल्यास जाहीर दुरुस्ती, या तिच्या प्रमुख अटी आहेत. चांगला तपासलेख आपले पुरावे वाचकासमोर ठेवतो, म्हणजे त्याचा निष्कर्ष वाचकाला स्वतः पडताळता येतो. जो स्रोत आपल्या चुकांची दुरुस्ती कधीच प्रसिद्ध करत नाही, त्याच्याबाबत मी अधिक सावध राहीन. या संस्थांची मर्यादा वेगाची आहे: खोटे रचायला काही मिनिटे लागतात, तर ते खोडून काढायला काही तास किंवा दिवस.

चॅटबॉटला विचारून खात्री करता येते का?

सुगावा मिळतो, खात्री होत नाही. चॅटबॉटमागील भाषेची प्रारूपे अस्तित्वात नसलेले संदर्भ अत्यंत आत्मविश्वासाने देऊ शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले काल्पनिक निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचावा.

घरातील वडीलधारी मंडळी असे संदेश पाठवतात. त्यांना कसे सांगावे?

हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्याला आधारही आहे. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातील फेसबुकवरील वर्तनाचा जो अभ्यास झाला, त्यात ६५ वर्षांवरील वापरकर्त्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या संकेतस्थळांचे दुवे पाठवल्याचे आढळले. असे असले तरी त्याच अभ्यासानुसार बहुसंख्य लोकांनी, सर्व वयोगट धरून, असा एकही दुवा पाठवला नव्हता.

चूक दाखवल्यास माणूस अधिकच हट्टाला पेटतो, म्हणून बोलूच नये, असे काहींना वाटते. २०१० मधील एका अभ्यासाने तशी भीती निर्माण केली होती, परंतु टॉम वूड आणि ईथन पोर्टर यांनी नंतर ५२ विषयांवर मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले तेव्हा असा उलटा परिणाम क्वचितच दिसला. दुरुस्तीचा उपयोग होतो. प्रश्न ती कशी केली जाते याचा आहे. सर्वांसमक्ष गटात खोडून काढण्यापेक्षा वैयक्तिक फोन करावा. संदेशामागील काळजी, बहुधा घरच्यांच्या आरोग्याची किंवा सुरक्षेची, मान्य करावी. खरे काय आहे ते आधी सांगावे, मग खोटे कोठे आहे ते एकदाच सांगावे आणि पुन्हा खऱ्यावर यावे. ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हणून थांबल्यास मनात पोकळी राहते आणि जुनी समजूत परत येऊन तेथे बसते. छायाचित्र त्या घटनेचे नसेल, तर ते कोणत्या घटनेचे आहे, हेही सांगता आले पाहिजे.

आधीच सावध करून ठेवता येते का?

येते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकगायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी, की दिशाभूल करणाऱ्या युक्तिवादाची सौम्य मात्रा उत्तरासह आधी दिली, तर लसीप्रमाणे मनाची प्रतिकारशक्ती वाढते. केंब्रिज येथील सँडर व्हॅन डर लिंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खोट्या बातम्यांना लावून पाहिली. भीती दाखवणे, बनावट तज्ज्ञ उभे करणे, दोनच टोकाचे पर्याय ठेवणे अशा युक्त्या ओळखायला शिकलेले लोक नवे खोटेही अधिक चांगले ओळखतात. हा परिणाम काळानुसार ओसरतो, म्हणून उजळणी लागते.

सरकारने कायदा करून हे थांबवावे का?

मजकुराचे खरेखोटेपण सरकारने ठरवावे, या कल्पनेला माझा विरोध आहे, कारण सत्तेवर असणाऱ्यांना आपल्यावरील टीका खोटी वाटणे अगदी साहजिक असते. मलेशियाने २०१८ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर केलेला खोट्या बातम्यांविरोधी कायदा सत्तांतरानंतर २०१९ मध्ये रद्द केला. सिंगापूरने २०१९ च्या कायद्याने मंत्र्यांना दुरुस्तीचे आदेश देण्याचा अधिकार दिला आणि त्यावर टीका झाली. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याची दिशा मला अधिक योग्य वाटते. मोठ्या मंचांनी आपल्या रचनेतून उद्भवणारे धोके तपासावेत, ते कमी करण्यासाठी काय केले ते दाखवावे आणि संशोधकांना विदा (डेटा) उपलब्ध करून द्यावी, असा त्याचा भर आहे. फसवणूक, बदनामी आणि हिंसेला चिथावणी यांसाठी बहुतेक देशांत आधीपासूनच कायदे आहेत.

मग कशावरच विश्वास न ठेवणे हेच सुरक्षित नाही का?

नाही, आणि हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. अनेक अपप्रचार मोहिमांना तुम्ही एखाद्या विशिष्ट खोट्यावर विश्वास ठेवावा असे वाटतही नसते. परस्परविरोधी दहा गोष्टी एकाच वेळी सांगून तुम्हाला थकवायचे आणि ‘खरे काय कोणास ठाऊक’ असे म्हणायला लावायचे, एवढाच त्यांचा हेतू असतो. असा थकलेला नागरिक चौकशीची मागणी करत नाही. शिवाय सरसकट अविश्वास बाळगणारा माणूस प्रत्यक्षात अविश्वासी राहतही नाही. तो वृत्तपत्र, डॉक्टर आणि विद्यापीठ यांना नाकारतो आणि एखाद्या अनोळखी यूट्यूब वाहिनीला शरण जातो. स्रोताने आजवर काय काम केले, पुरावा किती दाखवला आणि चूक सुधारली का, यांच्या प्रमाणात विश्वास कमी-अधिक करत राहावा लागतो.

माझ्याकडून चुकीचा संदेश पुढे गेला आहे. आता काय करावे?

तो सर्वांसाठी हटवावा, पण गुपचूप नव्हे. ज्या ज्या गटांत पाठवला होता तेथे ‘मी काल पाठवलेली माहिती चुकीची होती, खरी माहिती अशी आहे’ असे स्पष्ट लिहावे आणि पडताळणीचा दुवा जोडावा. मूळ खोटे छायाचित्र किंवा चित्रफीत पुन्हा जोडू नये, अन्यथा तीच पुढे जाते. ज्यांनी तो संदेश आपल्याकडून घेऊन अन्यत्र पाठवला असेल, त्यांनाही तशीच दुरुस्ती पाठवण्याची विनंती करावी. संदेश आरोग्य, मतदान किंवा एखाद्या व्यक्तीवरील आरोप यांविषयी असेल, तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये. संदेशामुळे कोणाच्या जिवाला धोका संभवत असेल, तर हटवण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट आणि तो जेथून आला त्याचा तपशील जपून ठेवून पोलिसांना कळवावे.